पाच पॉइंट दोनचा गुन्हेगार

"माझ्या नजरेतून आजवर मुंगी सुटलेली नाही," असं म्हणत भिंगराव आमच्या लॅबमध्ये शिरायला गेले आणि काचेच्या बंद दारावर धाडकन आपटले. कपाळ चोळत आत आले आणि म्हणाले, "हे दार इतकं स्वच्छ कोणी ठेवलं? नोंद घ्या. ज्याला लपवायचं असतं तोच जास्त पुसतो."

दार आमच्या सफाईवाल्या मावशींनी पुसलं होतं. त्या अकरा वर्षं रोज पुसतात. तरी मी नोंद घेतली.

भिंगराव हे नाव मी ठेवलेलं, अर्थात मनातल्या मनात. तोंडावर 'भाऊसाहेब' म्हणावं लागतं, कारण ते आमच्या डॉक्टरबाईंचे सख्खे थोरले भाऊ, आणि लॅब डॉक्टरबाईंची. तीस वर्षं घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले, निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःला गुप्तहेर म्हणून नेमून टाकलं. मुलाखतही स्वतःच घेतली असणार. दुसऱ्या कोणी घेतली असती तर नेमणूक झाली नसती. त्यांचं कार्डसुद्धा आहे. 'खासगी शोधतज्ज्ञ. गुंता कोणताही असो, सोडवून मिळेल.' आणि खाली बारीक अक्षरात, 'मीटरच्या तक्रारी आणू नयेत.'

"ताई," ते मला म्हणाले, "तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचलेत मी. आकडा जरा हलला की या घरात पाहुणे आलेत की नवरा-बायकोत अबोला आहे, हे बाहेरच्या बाहेर सांगायचो."

"बरोबर निघायचं?"

"ते विचारायला आत कोण जातंय? मला पुढची घरं होती."

आता या गृहस्थांना आमच्याकडे का बोलावलं ते सांगते, कारण त्यात माझी मान अडकली होती.

मी या लॅबमध्ये रक्त घेते आणि तपासते. सोळा वर्षं झाली. मागच्या गल्लीत कपडे शिवणारे मास्टर आमचे जुने पेशंट, डायबेटिसचे. दर चार महिन्यांनी त्यांची एचबीएवनसी होते. ही तपासणी म्हणजे चहाडखोर शेजारीण. साधी साखरेची तपासणी त्या घटकेपुरतं बोलते. आदल्या दिवशी कडक पथ्य पाळलं की ती गप्प बसते. ही नाही बसत. रक्तातल्या लाल पेशी तीन-चार महिने जगतात आणि तेवढ्या काळात साखर त्यांच्या अंगाला चिकटत राहते. ती किती चिकटली ते आमचं मशीन मोजतं. म्हणजे दोन महिन्यांपूर्वी तुम्ही चोरून जे हाणलंत त्याचाही हिशेब त्यात आलाच.

मास्टरांचा आकडा मागच्या खेपेला आठ पॉइंट आठ होता. या खेपेला आला पाच पॉइंट दोन. हा डायबेटिस नसलेल्या माणसाचा आकडा. त्यांच्या डॉक्टरांनी खूश होऊन मास्टरांची पाठ थोपटली आणि गोळ्या निम्म्यावर आणल्या. त्यानंतर पंधरा दिवसांनी मास्टरांची बायको आमच्या काउंटरवर येऊन उभी राहिली. त्यांना सगळी गल्ली वहिनी म्हणते, आणि सगळी गल्ली त्यांना घाबरते.

"हा तुमचा रिपोर्ट आणि ही माझी वही," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी उपाशीपोटी मी यांचं बोट टोचते. दोनशे साठ. दोनशे चौऱ्याऐंशी. दोनशे एकाहत्तर. पायाच्या अंगठ्यात सुई घुसली होती, ती जखम पंधरा दिवस भरत नाहीये. आणि तुमचा कागद म्हणतो ठणठणीत! कोणाचं रक्त तपासलंत? तुमच्या कॅलेंडरवरच्या पैलवानाचं?"

डॉक्टरबाईंनी वही पाहिली, रिपोर्ट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "नळी बदलली गेली असेल का गं?"

माझी पद्धत ठरलेली आहे. पेशंट खुर्चीत बसलेला असतानाच त्याच्या तोंडून त्याचं नाव वदवून घ्यायचं, जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घ्यायचं, नळी आठ वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायची, त्याच्यादेखत तिच्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि मगच त्याला उठू द्यायचं. सोळा वर्षांत यात कधी फरक पडलेला नाही. घरी मुलांना डबे देतानासुद्धा मी आधी नाव विचारते. मुलं वैतागतात.

"नाही बदलली," मी म्हणाले.

"तरी पण..." बाई म्हणाल्या.

ते 'तरी पण' मला इतकं झोंबलं की रात्री जेवण गेलं नाही. बाईंनी शनिवारची मुदत दिली. तोवर उलगडा झाला नाही तर रक्त घ्यायचं काम माझ्याकडून काढून मला फोनवर बसवणार होत्या. "आणि दादाला बोलावते," त्या म्हणाल्या. "त्याला तसाही वेळ आहे."

तर गुरुवारी भिंगराव दारावर आपटले आणि तपास सुरू झाला.

"मास्टरांची सत्तेचाळीस नंबरची नळी त्या दिवशी सकाळी कुठे होती?"

"रॅकमध्ये."

"साक्षीदार?"

"सेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीस."

"त्यांना हजर करा."

"भाऊसाहेब, त्याही नळ्या आहेत. आणि सात दिवसांनी आम्ही टाकून देतो."

"पुरावा नष्ट केला," ते वहीत लिहीत म्हणाले. मग पाण्याच्या जारमधून लागोपाठ चार पेले पाणी प्यायले. "विचारांना ओल लागते," असं त्यांचं म्हणणं. विचारांना एकांतही लागत असावा, कारण दर अर्ध्या तासाने ते उठून संडासात जात आणि बाहेर येताना एक नवा सिद्धांत घेऊन येत.

पहिला सिद्धांत असा, की अठ्ठेचाळीस नंबरची नळी व्यायामशाळेच्या सरांची होती, आणि मी मास्टरांचं रक्त सरांच्या नावावर अन् सरांचं मास्टरांच्या नावावर घातलं. का? तर सरांना बदनाम करायला. मी सरांना आयुष्यात दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा त्यांचा दंडच पाहिलाय.

"मग मास्टरांचं रक्त पुन्हा घेऊ," मी म्हटलं. "तुमच्या डोळ्यांसमोर."

मास्टर आले. गळ्यात टेप, कानावर खडू, चेहरा पांढराफटक. "बसा मास्टर," मी म्हटलं. "नको, उभ्यानेच घ्या," ते म्हणाले. उभ्याने मी कोणाचंच घेत नाही, माणसं धपकन पडतात. शेवटी ते खुर्चीच्या कडेला एका मांडीवर तिरके टेकले आणि ओठ दाबून धरले. ज्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही ते भिंगराव त्या वेळी एकटक माझ्या हातांकडे बघत होते. चिठ्ठीवर त्यांनी स्वतःची लफ्फेदार सही ठोकली. ती एवढी मोठी होती, की खालचं नावच झाकलं गेलं आणि मला चिठ्ठी दुसरी काढावी लागली.

मशीनने आकडा दिला: पाच पॉइंट एक.

"आणखी कमी!" भिंगराव ओरडले. "गुन्हेगार सोकावलाय!"

"पण नळी बदलली नाही हे तर सिद्ध झालं ना?"

"एवढंच सिद्ध झालं, की मी बघत असतानाही बदलता येते." माणूस हुशार असता तर भांडता आलं असतं.

शुक्रवारी आम्ही मास्टरांच्या दुकानावर गेलो. 'आम्ही' म्हणजे ते पुढे आणि मी त्यांची पिशवी घेऊन मागे. पिशवीत भिंग, फूटपट्टी, टॉर्च आणि पाण्याच्या तीन बाटल्या. चार पावलांवरच्या दुकानात पोचेपर्यंत दोन संपल्या.

दुकान एवढंसं. शिवणयंत्रावर कापड टाकून ठेवलेलं, त्यावर धूळ. कापड बेतायच्या टेबलाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा. मास्टर उभ्यानेच कात्री चालवत होते. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर, लहान मुलं पोहताना कमरेला अडकवतात तसली हवेची रिंग. पिवळी, वर बदकं काढलेली.

"ही कोणाची?" भिंगरावांनी रिंगेला फूटपट्टी लावली.

"नातीची," मास्टर पुटपुटले.

"नात केवढी आहे?"

"अजून व्हायची आहे."

भिंगरावांनी माझ्याकडे सूचक नजर टाकली. मग सगळे डबे उघडून पाहायला लागले. बटणांच्या डब्यात लाल बटणांखाली त्यांना लाल कॅप्सूलची पट्टी सापडली. त्यांनी भिंग डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ नेलं. "हल्ली भिंगंसुद्धा धुरकट बनवायला लागलेत," म्हणत त्यांनी पट्टी खिशात घातली. मास्टर काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात वहिनी आतून आल्या आणि मास्टरांनी तोंड मिटलं.

संध्याकाळी भिंगरावांना नवा संशय आला, मशीनवर. मी सांगितलं, की रोज सकाळी आधी मी ठरलेल्या आकड्यांचे दोन नमुने मशीनला देते. ते बरोबर वाचले तरच पेशंटचं रक्त लावते.

"ते नमुने कुठून येतात?"

"मशीनच्याच कंपनीकडून."

"हात्तिच्या! घरचेच साक्षीदार!" त्यांनी बाही वर सारली. "माझं रक्त घ्या. साठी उलटली, पण कधी गोळी माहीत नाही मला. मशीन प्रामाणिक असेल तर पाचच्या वर जाणार नाही."

"नाव सांगा," मी म्हटलं.

"अहो, तुम्ही ओळखता मला!"

"नाव सांगा."

त्यांनी नाव सांगितलं. आधी 'खासगी शोधतज्ज्ञ', मागून 'निवृत्त वरिष्ठ मीटर वाचक', मध्ये वडील. चिठ्ठीवर मावेना. मी नुसतं नाव आणि आडनाव लिहिलं, त्यांच्यादेखत. मशीन त्या दिवसापुरतं बंद झालं होतं, म्हणून नळी फ्रिजमध्ये ठेवली.

शनिवारी सकाळी भिंगरावांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत जमवलं. डॉक्टरबाई, वहिनी, मास्टर, मी. मावशी फरशी पुसत होत्या, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मी आत भिंगरावांची नळी मशीनला लावली आणि बाहेर येऊन उभी राहिले. सोमवारपासून मी फोनवर बसणार की रक्त घेणार, हे एका मीटर वाचकाच्या डोक्यावर अवलंबून होतं, आणि ते डोकं नुकतंच पाचवा पेला पाणी पिऊन संडासातून परतलं होतं.

"बसा सगळे," भिंगराव म्हणाले. सगळे बसले. मास्टर उभे राहिले. "पाहिलंत? अपराधी मन माणसाला बसू देत नाही! आता ऐका. टेबल विटांवर का चढवलं? उभ्याने काम करताना रस्त्यावर नजर ठेवता यावी म्हणून. शिवणयंत्र का बंद? कारण धंदा गुंडाळायचाय. बदकांची रिंग का? गावात तळं नाही, नात जन्मलेली नाही. या माणसाला पाण्यातून पळून जायचंय! आणि काय घेऊन?" त्यांनी खिशातून पट्टी काढून वर धरली. "हे घेऊन! रक्तातली साखर धुऊन काढणारी गुप्त कॅप्सूल! तपासणीपुरती साखर गायब, घरी आलं की हजर. हा शोध विकून हे गृहस्थ परदेशी..."

"अहो, मूळव्याध आहे त्यांना," मावशी म्हणाल्या.

आणि पिळलेला फडका घेऊन पुढे सरकल्या.

"काय?" भिंगराव म्हणाले.

"मूळव्याध हो. पाय उचला जरा." मावशींनी त्यांच्या बुटांखालची फरशी पुसली. "आमच्या ह्यांना होती. असेच तिरके टेकायचे. बसायला आमच्याकडे सायकलची ट्यूब होती, यांच्याकडे बदकं आहेत, एवढाच काय तो फरक."

मास्टर कानापर्यंत लाल झाले. वहिनी हळूच उठल्या. "खरं का हो?"

मास्टर गळ्यातल्या टेपशी चाळा करत राहिले. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंगावर आळ आला की आपलं डोकं चालत नाही हेच खरं.

"मास्टर," मी म्हटलं, "रक्त जातं?"

"...थोडं."

"थोडं म्हणजे? किती दिवस?"

"पाच महिने झाले. रोजच जातं." मग एकदम भडभडून बोलले, "चक्कर यायची, तर केमिस्टने लोहाच्या कॅप्सूल दिल्या. अहो, अख्ख्या गल्लीच्या कमरेची मापं घेतो मी! माझं नेमकं कुठे दुखतंय ते कोणत्या तोंडाने सांगू?"

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि कॉलेजात मी हाच प्रश्न दर वर्षी पोरांना परीक्षेत घालते," त्या म्हणाल्या.

मी आत धावले. गुरुवारची मास्टरांची नळी फ्रिजमध्येच होती. तिच्यावर रक्ताची पूर्ण तपासणी लावली. आजवर त्यांच्या डॉक्टरांनी फक्त साखरेचीच लिहून दिली होती, म्हणून ही कधी झालीच नव्हती. हिमोग्लोबिन आठ पॉइंट चार. नुकत्याच जन्मलेल्या कोवळ्या पेशींची नुसती झुंबड.

"पण याचा साखरेशी काय संबंध?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, यांच्या जुन्या पेशी रोज वाहून जातायत, आणि लोहाच्या जोरावर अंग धडाधड नव्या बनवतंय. नव्या कापडावर धूळ बसायला दिवस लागतात ना? तसं. साखर चिकटायच्या आतच त्या आमच्या नळीत येतात. म्हणून आकडा कमी. रक्त मास्टरांचंच आहे. मशीनही खोटं बोललं नाही. आणि तुमची वही तर शंभर टक्के खरी."

डॉक्टरबाईंनी लगेच मास्टरांच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या पूर्ववत, अंगठा आजच्या आज दाखवायचा, रक्त नक्की कुठून जातंय ते सर्जनकडून तपासून घ्यायचं, आणि तोवर लाल पेशींशी ज्यांचं देणंघेणं नाही अशाच तपासण्या करायच्या, जोडीला वहिनींची वही.

वहिनींनी फोन संपेपर्यंत कसंबसं धरून ठेवलं होतं. मग त्या रडायलाच लागल्या. "पाय कापायची वेळ आली असती! लाज जपत बसले! सत्तावीस वर्षं संसार केला मी तुमच्याशी, मला सांगायची लाज?" मास्टर त्यांच्या पदराला लागलेला दोरा काढत म्हणाले, "चुकलं माझं." मग दोघं खालच्या आवाजात बराच वेळ भांडत बसले. म्हणजे वहिनी बसल्या.

इकडे भिंगराव लाल कॅप्सूलकडे पाहत होते. "माझी दिशा बरोबरच होती," ते म्हणाले. "फक्त ते पाण्यातून पळून जाणं जरा जास्त झालं."

तेवढ्यात आतल्या मशीनने कुर्रकुर्र करून एक कागद टाकला, तो मी बाहेर आणला. मी वाचला. पुन्हा वाचला. नऊ पॉइंट सहा.

"कोणाचा?" बाईंनी विचारलं.

"भाऊसाहेबांचा."

भिंगरावांनी कागद हिसकावला, भिंग लावलं, लांब धरला. "नळी बदलली! मी म्हणत नव्हतो? रंगेहाथ!"

"रॅकमध्ये आज तुमची एकटीच नळी होती."

"मग मशीन!"

"सकाळचे नमुने बरोबर आलेत."

"मग..." त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि चेहरा उजळला. "मग मलाही मूळव्याध असणार!"

"त्याने आकडा खाली जातो, भाऊसाहेब."

ते बहिणीकडे वळले. "तू सांग हिला. नळी बदलली गेलीय. मला? मला डायबेटिस? काहीतरीच!"

डॉक्टरबाईंनी कागद घेतला. एकदा त्यांनी भावाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी ते 'तरी पण' यायची वाट बघत होते.

"दादा," त्या म्हणाल्या, "हिच्या हातून नळी बदलत नाही."

मी वळून काउंटरवरचा रॅक पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"आणि खोटं कशाला बोलू," मावशी बादली उचलत म्हणाल्या, "गुरुवारपासून पाण्याचे चार जार संपलेत आणि संडास मी वीसदा धुतलाय. मला तर पहिल्याच दिवशी वाटलं होतं. पण म्हटलं, एवढे मोठे शोधतज्ज्ञ, त्यांना माहीत असेल."

भिंगराव खुर्चीत बसले. भिंग मांडीवर होतं. "म्हणजे तीन महिने," ते हळू आवाजात म्हणाले, "हे माझ्याच घरात चाललं होतं."

"जास्तही असेल," मी म्हटलं. "पण लवकर कळलं. काळजी घेतली की खाली येतो आकडा. पक्कं करायला आज पुन्हा एकदा घेऊ." मी नवी जांभळ्या झाकणाची नळी काढली, त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. जरा वेळ त्यांचा हात धरून ठेवला.

"नाव सांगा," मी म्हटलं.

या वेळी त्यांनी नुसतं नाव सांगितलं. पुढे काही नाही, मागे काही नाही. चिठ्ठीवर निम्मी जागा उरली.